अळ्या वेचणारं घर

दुर्गाबाई लग्न होऊन धामणखेडला आली, तेव्हा सासूने तिला स्वयंपाक येतो का हे विचारलंच नाही. "आंगावर मुंगी चढली त काय करतं?" असं विचारलं. दुर्गाबाई अकोल्याकडची, तेल्हाऱ्याच्या बाजूची. माहेरी देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक होता आणि वर्षातून एकदा दारात बोकड पडायचा. तिने सरळ सांगून टाकलं, "चावली त चिरडते." सासूने डोक्यावरचा पदर नीट केला आणि शेजारणीकडे वळून म्हणाली, "दूरच्या मुलखातली आहे, शिकन हळूहळू."

मोर्शी तालुक्यातलं हे घर महानुभाव पंथाचं. परमेश्वर एकच, बाकी कोणत्या देवतेपुढे हात जोडायचे नाहीत, दारू-मांस नाही आणि जीवहत्या तर नाहीच नाही. त्याच वर्षी दुर्गाबाईला रिद्धपूरला नेऊन पंथाचा उपदेश देववला. माहेरचे देव माहेरीच राहिले. मनातून उतरायला त्यांनी थोडा वेळ घेतला, पण नवऱ्याकडे बघून बघून तेही उतरले.

नवरा म्हणजे देवराव. हाडाचा सरळ आणि तितकाच हेकट. मिसरूड फुटलं तेव्हाच त्याने रिद्धपूरच्या दगडी ओट्यावर डोकं ठेवून शपथ घेतली होती, की जाणूनबुजून एकही जीव मारणार नाही. पंथातले सगळेच काही इतकं ताणत नव्हते. चांगले उपदेशी म्हणवणारे शेतकरी पिकावर औषध मारत आणि संध्याकाळी नामस्मरणाला बसत. महंतांनीसुद्धा त्याला एकदा समजावलं होतं, की बाबा रे, शेतीत नकळत जे होतं त्याची क्षमा मागत जा. देवराव दंडवत घालून म्हणाला, "नकळत होते त्याची मांगतो जी. पन हे त कळून होते."

खरं सांगायचं तर शपथ घेतली तेव्हा ती स्वस्त होती. गावरान पऱ्हाटीला अळी लागायची ती पाखरं खाऊन जात. बोंडं लहान, कापूस कमी, पण घर चालायचं. देवरावला आपल्या शेताचा अभिमान होता. फवारणीच्या दिवसांत सगळ्या शिवाराला औषधाचा उग्र दर्प यायचा आणि याच्या बांधाधुऱ्यावर मात्र पाखरांचा कलकलाट असायचा. त्या दिवसांत त्याच्याइतका श्रीमंत माणूस पंचक्रोशीत नव्हता, असं निदान त्याला तरी वाटत होतं.

मग गावरान बियाणं मिळेनासं झालं. संकरित वाण आले, आणि सत्त्याण्णव सालापासून त्यांच्यावर हिरवी बोंडअळी अशी काही तुटून पडली की शिवारच्या शिवार पोखरून निघाले. लोक आठवड्याला फवारू लागले. एक औषध लागू पडेना म्हणून दुसरं, दुसरं पडेना म्हणून दोन्ही एकत्र. कोणाच्या घरातून कधी रडणं ऐकू येईल याचा नेम राहिला नाही. कारण पिकावरचं औषध घराच्या कोपऱ्यातच ठेवलेलं असायचं आणि प्यायला वेळ लागत नाही.

देवरावने शपथ मोडली नाही. त्याने रिकामा तेलाचा डबा घेतला, वर जुनं पातळ बांधलं आणि बायकोला घेऊन शेतात उतरला. एकेक बोंड वाकवून बघायचं, अळी अलगद चिमटीत धरायची आणि डब्यात सोडायची. डबा भरत आला की नाल्यापलीकडच्या पडीक रानात नेऊन गवतावर रिकामा करायचा. गावाला आयती करमणूक झाली. "देवराव अळ्या चारायले घेऊन चालला बावा!" म्हणून पोरंटोरं मागे लागत. शेजारचा शेषराव बांधावरून ओरडे, "सांजच्याले वापस येतेत का रे त्या, का तिकडंच मुक्कामी रायतेत?" देवराव हसून पुढे जाई. त्याला टोमणा कळत नसे असं नाही, पण तो त्याला लागत नसे.

दुर्गाबाईला मात्र एक गोष्ट ठाऊक होती आणि ती तिने नवऱ्याला कधी सांगितली नाही. डब्यात पन्नासेक अळ्या टाकल्या तर नाल्यापर्यंत जाता जाता त्या निम्म्या व्हायच्या. त्या एकमेकींना खात. एकदा पातळ बाजूला करून तिने आत पाहिलं होतं आणि तिला शिसारी आली होती. आपण जीव वाचवतोय म्हणतो आणि डब्यात हे चाललंय. देवरावला हे कळलं असतं तर त्याने एकेका अळीला एकेक डबी आणली असती, एवढा तो वेडा होता. तिने पातळ पुन्हा घट्ट बांधलं आणि गप्प राहिली. नवऱ्याच्या श्रद्धेला जपायचं तर तिच्या आत डोकवायचं नाही, एवढं शहाणपण तिला त्या घरात आलं होतं.

घर चालायचं ते तुरीवर, ज्वारीवर आणि दुर्गाबाईच्या मजुरीवर. संत्र्याच्या तोडणीला ती मोर्शीकडच्या बागांत जाई. हात संत्र्याच्या सालीने पिवळे पडत आणि अळ्यांनी ओकलेल्या रसाने हिरवे. देवराव रात्रीच्या भाकरीपुढे हात जोडून म्हणायचा, "देणारा तो आहे, अनुपची माय. आपुन फक्त लाज राखाची." तिला ते पटायचं. अगदी मनापासून पटायचं. भाकर थोडी असली की असली वाक्यं पोटाला धरून असतात.

पण अनुप मोठा झाला. बारावीपर्यंत शिकला, नोकरीसाठी चकरा मारून थकला आणि शेतात उतरला. लग्न झालं. बायको माधवी, स्वभावाने गरीब, पंथातल्याच घरची. तिला दिवस गेले त्या वर्षी पऱ्हाटी छातीभर उंच झाली होती. इतकी बोंडं अनुपने आपल्या शेतात कधी पाहिली नव्हती. आणि अर्धा श्रावण सरला तशी अळी आली. तिघं वेचत होते, माधवी जमेल तसं वेचत होती, तरी आज केलेलं तास, पऱ्हाटीची अख्खी ओळ, उद्या पुन्हा भरलेलं.

एका दुपारी जेवताना अनुपने विषय काढला. "बाबा, एक फवारा मारू द्या. एकच. मी मारतो, पाप माह्यावर."

देवरावने घास खाली ठेवला. "पाप असं वाटून घेता येत नाई बेटा."

"मंग उद्या लेकरू होईन त त्याले काय देऊ? अळ्या?"

"जो जलमाले घालते तो पाहून घेईन."

"तो पाहून घेते म्हनून त गावात रोज एक मरून राहिला ना!"

देवराव ओरडला नाही. त्याचा आवाज उलट खाली गेला. "माह्या वावरात इख पडलं, त मी या घरचं पानी पेनार नाई. रिद्धपूरले जाऊन भिक्षा मांगीन." तो उठून हात धुवायला गेला. तो म्हणाला म्हणजे करणार, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं. म्हातारपणी बाप दारोदार झोळी घेऊन फिरणार, ही कल्पना अनुपला सोसेना आणि डोळ्यांदेखत पीक जाणंही सोसेना.

चार दिवसांनी तो आईजवळ येऊन बसला. भादव्याची द्वितीया जवळ आली होती. चक्रधर स्वामींच्या अवतारदिनाला बाबा पहाटे रिद्धपूरला जातील ते दिवेलागणीला येतील. तेवढ्या वेळात तो फवारा उरकून घेणार होता. गावात कोणाकडे पंप मागितला तर बोभाटा होईल, म्हणून माधवीच्या भावाकडून पंप आणला होता. औषधंही तिकडूनच. "माय, तू नाई म्हन, मी नाई करत," तो म्हणाला.

दुर्गाबाईला सुनेचं पोट दिसत होतं. तिला स्वतःचे हिरवे हात दिसत होते. "कर," ती म्हणाली. "मी पानी आनून देते."

आता इथेच सगळी चूक आहे, आणि ती चूक त्या घरातच होऊ शकत होती, दुसऱ्या कुठे नाही. धामणखेडच्या कोणत्याही शेंबड्या पोराला फवारा कसा मारतात हे माहीत होतं. सकाळच्या थंड वेळी मारायचा, वाऱ्याकडे पाठ करायची, तोंडाला फडकं बांधायचं, पंप गळत असेल तर पाठीवर घ्यायचा नाही, डोकं जड झालं की तिथेच थांबून अंग धुवायचं. हे कोणी शिकवत नाही, बापाच्या मागे फिरून येतं. अनुपच्या बापाने अळी चिमटीत कशी धरायची तेवढंच शिकवलं होतं. आणि चोरून करायचं म्हटल्यावर विचारणार कोणाला?

बाप रिद्धपूरला निघाल्यावर गावातली द्वितीयेची माणसं निघेपर्यंत तो थांबला. शेतात जाईपर्यंत उन्हं चढली. एकाच फेरीत काम व्हावं म्हणून त्याने दोन औषधं एकत्र ओतली आणि काठीने ढवळली. पऱ्हाटी छातीभर, वारा समोरून. पंपाच्या टोपणातून पाठीवर गळत होतं. दुर्गाबाई विहिरीचं पाणी घागरीने आणत होती आणि दुरून त्याला बघत होती. फवाऱ्याचा धूर त्याच्या तोंडावर येत होता. ती एकदा म्हणालीही, "तोंडाले काही बांध." "गुदमरते माय," तो म्हणाला.

दुपार कलली तेव्हा तो धुऱ्यावर येऊन बसला. "डोक्स दुखून राह्यलं. अंधारी येऊन राह्यली."

"बस झालं मंग. अंग धुऊन टाक."

"थोडंच राह्यलं. बाबा येईन." तो पुन्हा उठला. तिने त्याला उठू दिलं. पुढे किती वर्षं जगली तरी त्या एका क्षणापाशी ती अडली, की हात धरून बसवलं का नाही. पण खरं तिला माहीत होतं. तिलाही ते थोडं उरलेलं पुरं व्हायला हवं होतं.

तो पऱ्हाटीच्या ओळीतच कोसळला तेव्हा तोंडातून फेस येत होता. दुर्गाबाईच्या हाकेने कोणाची तरी बैलबंडी आली, बंडीतून सडकेवर, सडकेवरून जीपने तालुक्याला. दवाखान्यात तसल्याच दोन खाटा आधीच भरलेल्या होत्या. डॉक्टर तरुण होता, झोप न झालेला. "केव्हा घेतलं? किती घेतलं?" त्याने विचारलं.

"घेतलं नाई जी. फवारत होता."

"सगळे असंच सांगतात मावशी," तो थकून म्हणाला. पोलिसांच्या भीतीने लोक खोटं बोलतात, हे त्याला रोजच्या अनुभवाने माहीत होतं. त्याचीही चूक म्हणता येत नाही. त्याने नळी घातली, कागदावर लिहिलं ते लिहिलं. दुर्गाबाईने वाद घातला नाही. पोरगं जगत असेल तर त्याने काय वाटेल ते लिहावं. पोरगं जगलं नाही.

निरोप मिळून देवराव रिद्धपूरहून परस्पर दवाखान्यात आला तेव्हा सगळं संपलं होतं. कपाळ अजून ओट्याच्या मातीने भरलेलं होतं. व्हरांड्यात कोणीतरी त्याचा खांदा धरला आणि सांगितलं, "देवरावभाऊ, तुमच्या पोरानं औषध पेलं." दुर्गाबाई तिथेच, हाताच्या अंतरावर होती. तिने ते ऐकलं आणि तिचं तोंड उघडलं नाही. तेव्हा भीतीने उघडलं नाही. नंतर मात्र एकेक दिवस वर चढत गेला आणि उघडणं कठीण होत गेलं.

मातीला गाव जमलं. माधवीचा भाऊ आला आणि जाताना बंडीत कडब्याखाली पंप घालून घेऊन गेला. पाण्याला गेलेल्या बायका कुजबुजत, की बापाच्या शपथेने पोराला खाल्लं. कोणी देवरावच्या तोंडावरही म्हणालं. त्याने मान हलवून मान्य केलं. आता त्याला टोमणे लागत होते. तो ओसरीवर बसून राही आणि आल्यागेल्याला विचारी, "त्यानं काहून पेलं असन बा? मले एक डाव अजून विचारलं असतं त..." वाक्य पुरं होत नसे. नामस्मरणाला बसायचा आणि अर्ध्यातून उठायचा. आयुष्यात पहिल्यांदा दुर्गाबाईने त्याला नामस्मरणातून उठताना पाहिलं.

त्यातच एक दिवस शेषराव आला. टवाळ माणूस, पण मनाचा वाईट नव्हता. देवराव मागे गोठ्यात होता. शेषराव हळू आवाजात म्हणाला, "दुर्गाबाई, नाल्यापाशी औषधाचे रिकामे डबे मले भेटले. म्या पुरून टाकले. कोनाले बोलू नका. फवारतानी मेला त सरकार इचारत नाई. पेऊन मेला त घरच्याईले मदत भेटते. उद्या तलाठी येनार आहे. कागदावर तसंच आहे, तसंच राहू द्या. सुनेकडं पाहा."

काय दिवस होते बघा. कामात मेला तर कुत्रं विचारणार नाही, आणि जीव दिला तर साहेब दारात. दुर्गाबाईने माधवीकडे पाहिलं. माधवी खाली मान घालून म्हणाली, "आत्याबाई, ते त गेलेच. आता काई म्हना त्याईले." दुर्गाबाईने मान हलवली. ठरलं. खोटं तिने बोलायचंच नव्हतं, फक्त गप्प राहायचं होतं, आणि त्याची तिला सवय होती.

त्या दुपारी ती फवाऱ्याच्या दिवसानंतर पहिल्यांदा शेतात गेली. तिला बघायचं होतं. पोरगं गेलं ते गेलं, पण काही तरी करून गेलं का, एवढंच बघायचं होतं. अनुपने फवारलेली तासं पानांवरच्या पांढुरक्या डागांनी ओळखू येत होती. तिने पहिलं बोंड वाकवलं. आत अळी होती, हिरवीगार, गुबगुबीत, खात होती. दुसरं वाकवलं. तिसरं. मग ती तास धरून चालत सुटली आणि बोंडं ओरबाडू लागली. सगळीकडे त्या जिवंत होत्या. औषध बनावट होतं की अळीच आता त्याला जुमानत नव्हती, देव जाणे. दुर्गाबाई मातीत बसली आणि गुरासारखी ओरडली. शिवारात ऐकायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलाठ्याची वाट बघत ती अंगण सारवत होती. देवराव बाहेरून आला. त्याच्या पाठीवर पंप होता, शेषरावच्या गोठ्यातून न विचारता उचलून आणलेला. हातात औषधाचा डबा. पट्टे कसे आवळतात ते त्याला येत नव्हतं, त्यामुळे पंप एका बाजूला लोंबत होता.

"हे काय आनलं?" दुर्गाबाई उठून उभी राहिली.

"फवारतो. त्यानं मांगतलं होतं, म्या देल्लं नाई, म्हनून त्यानं जीव देल्ला." तो डब्याचं झाकण काढायला लागला. "आपला जीव घेनाऱ्याले कोनती गती भेटते, तुले माईत आहे. तो तिथं एकटा आहे, अनुपची माय. मीबी हत्या करतो. मंग मले त्याच्यापाशी जाता येईन."

दुर्गाबाईने त्याच्याकडे पाहिलं. साऱ्या जन्माची पुंजी हा माणूस पोरासाठी उधळायला निघाला होता, आणि तीही एका खोट्यावर. तिने डबा त्याच्या हातातून हिसकावला. दारात माधवी येऊन उभी होती. तिने सासूकडे बघून हलकेच मान हलवली, नाही म्हणून. दुर्गाबाईला ते दिसलं.

"त्यानं जीव नाई देल्ला," ती म्हणाली. "तुमी रिद्धपूरले गेल्ते, तवा त्यानं फवारा मारला. म्या हो म्हनलं. म्या पानी देल्लं. त्याच्यातच गेला तो."

देवरावने पाठीवरचा पंप खाली ठेवला, नीट, भिंतीला टेकवून. दुर्गाबाई वाट बघत होती. तो ओरडेल, झोळी घेऊन निघेल, हात उगारेल, तिला सगळं चाललं असतं. घर सोडण्याची आपली धमकी त्याच्या ध्यानातही नव्हती. तो जमिनीकडे बघत काही तरी जुळवत होता.

"मेल्या का?" त्याने विचारलं.

"काय?"

"अळ्या. त्याच्या हातानं मेल्या का?"

"नाई." तिचा आवाज फाटला. "एकबी नाई मेली. म्या सोता पाहून आली. होत्या तशा आहेत."

देवरावचा चेहरा बदलला. इतक्या दिवसांत सुकलेल्या त्या डोळ्यांना पाणी आलं. त्याने रिद्धपूरच्या दिशेला तोंड केलं, अंगणाच्या ओल्या शेणावर गुडघे टेकले आणि पालथा पडून दंडवत घातला. "सुटला," तो म्हणत होता. "जीवबी नाई देल्ला, हत्याबी नाई झाली. सुटला माहा पोट्टा. कसा राखला परमेश्वरानं त्याले." उठून त्याने बायकोचे हात धरले, तिला काही बोलला नाही, रागावला नाही. "आता तलाठी येईन त्याले खरं सांगू. खोट्याची मदत आपल्याले कायले पायजे?"

माधवी दारातून आत गेली. आत भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

देवराव अंघोळीला गेला. विहिरीवरून त्याचं नाम मोठ्याने ऐकू येत होतं, पूर्वीसारखं, सलग. दुर्गाबाई शेणाच्या हातांनी उभी होती. या माणसाने आयुष्यभर जे जपलं ते त्याला आज उपयोगी पडलं होतं, आणि तिला ते मागूनही येत नव्हतं. तिला फक्त एवढंच वाटत होतं, की त्या अळ्या मरायला हव्या होत्या. एकूण एक, तडफडून, अनुपच्या डोळ्यांपुढे मरायला हव्या होत्या.